उचापत्याचा डावा गाल

"वाच," दादा म्हणाला, "लोक काय म्हणतात?"

लोकांना काय, फोन हातात आहे, बोटं चालतात. आमच्या चित्रकथेतल्या उचापत्याचा कॉम्प्युटरवर केलेला सिनेमा लागून चार दिवस झाले होते आणि चारही दिवस मी सकाळचा चहा गार करून दादाला लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवत होतो. दादाची नजर काचबिंदूनं गेली. नाहीतर त्यानं फोन माझ्या हातातून केव्हाच ओढून घेतला असता.

"एक जण म्हणतो, केस न् केस सुटा दिसतो, कमाल केली. दुसरा म्हणतो, पुस्तकातला उचापत्या आमचा होता, हा खेळण्यांच्या दुकानातून उचलून आणलाय. एक बाई लिहिते, पोरगी हसून हसून खुर्चीवरून पडली."

"बरं. पुढं?"

पुढचं मी गिळलं. पुढं होतं, 'गालावर तो भाजल्याचा डाग कशाला? वाट लावली आमच्या उचापत्याची.' असं लिहिणारे शेकड्यांनी होते. आणि दादाला तर मी सांगून बसलो होतो, डावा गाल उजव्यासारखाच आहे, गुळगुळीत.

तीस वर्षं दादानं पेन्सिलनं उचापत्या काढला आणि मी त्यावर शाई फिरवली. धावो, पडो, मार खावो, दिसायचा त्याचा उजवाच गाल. वाचक थट्टा करायचे, ह्याला डावी बाजूच नाही. होती. तो चेहरा दादाच्या पोराचा. सहा वर्षांचा असताना त्याच्या डाव्या गालावर खळीचं उकळतं पातेलं सांडलं. चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायची खळ. पातेलं टेबलाच्या कडेला ठेवू नकोस म्हणून मी दादाला दहादा बजावलं होतं. पोराला उचलून दवाखान्यात मी पळालो, दादा जागचा हललाही नाही. एकोणिसाव्या वर्षी पोरगा घर सोडून गेला. त्याला अठरा वर्षं झाली.

कॉम्प्युटरच्या सिनेमात डोकं चारी बाजूंनी फिरवावं लागतं. स्टुडिओतल्या मुलीनं विचारलं, "काका, डावीकडे काय आहे?" दादा मला म्हणाला, "गुळगुळीत काढून दे. पोरगा कुठं असेल तिथं बघेल. बापानं आपल्याला बरं केलं, एवढं त्याला कळू दे. येईलही." त्याची सगळी आशा त्या गालावर होती. मी कागद पुढ्यात घेतला आणि माझं टाळकंच फिरलं. बरं केलं म्हणे! दादाच्या रेघेबाहेर तीस वर्षांत केसभर गेलो नव्हतो, त्या दिवशी गेलो. डाग होता तसा काढला, कानाखालच्या घडीसकट.

"अरे वाच की, तोंड शिवलंय का?"

पुढची ओळ मी आधी मनात वाचली. मग मोठ्यानं.

"'डाग बरोबर आहे. कानाखालची घडीसुद्धा. ती फक्त घरच्यांना ठाऊक होती. बाबांनी स्वतः काढला असेल तर कळवा. मी येतो.'"

मग मी सगळं ओकून टाकलं. मी काढला, मी खोटं बोललो. वाटलं, आता हा मला उभा सोलेल. तो टेबलाच्या कडेवर बोटं फिरवत बसला.

"घडी कशी होती रे? मला आठवत नाही. मी तिकडे कधी नीट बघितलंच नाही."

"दादा, हो म्हणून कळवू या. तुझ्या पाया पडतो. पोराला येऊ दे, पुढचं पुढं."

"नको. तीस वर्षं त्याला खोटाच काढला, आता पुरे. लिही, मी नाही काढला. मी गुळगुळीत करायला सांगितला होता. काकानं काढला."

"अरे, पोर दारापर्यंत आलंय आणि तुला आत्ताच खरं बोलायचा झटका आला?" मी ओरडलो, रडलोही.

"लिही," तो म्हणाला. पेन्सिलचं पान माझ्याकडे सरकवताना 'शाई फिरव' म्हणायचा, त्याच आवाजात. मी लिहिलं. तो बोलला तसंच, पदरचा एक शब्द न घालता.

नऊ दिवस झाले. रोज सकाळी दादा खुर्ची माझ्याकडे ओढतो आणि विचारतो, "लोक काय म्हणतात?"

लोक म्हणजे कोण, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

"अजून काही नाही म्हणत," मी सांगतो.