शेवटमावशी

“मेला का मग शेवटी?” चहाचा कप पुढे सरकवत मक्याने विचारलं.

“मेला म्हणजे? तीनदा मेला,” शेवटमावशी म्हणाली. “आधी पोटात सुरा घुसला, मग काच फोडून खाली पडला, मग अंगावरून गाडी गेली. तरी उठून बायकोला म्हणतोय, मला माफ कर. एवढं रक्त गेल्यावर माणसाला पाणी मागायचं त्राण राहत नाही, आणि ह्याची माफी काही संपेना. मी बादली घेऊन ताटकळत उभी!”

“पण मारामारी कशी होती?”

“चांगली होती. फक्त तो मारताना दात काढतो. म्हणजे त्याला मजा येते की नाही? मजा येणाऱ्याला हीरो कशाला म्हणायचं?”

“दिसायला बरा आहे म्हणून,” दारवाले काका म्हणाले, आणि सगळे हसले.

दुपारच्या दोन खेळांच्या मधे, जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत हे रोजचं चालायचं. थिएटरला तीन पडदे होते. दारवाले काका तिकिटं फाडून लोकांना आत सोडायचे आणि थोडा वेळ दारात रेंगाळायचे, त्यामुळे त्यांना प्रत्येक पिक्चरची सुरुवात ठाऊक असायची. मक्या म्हणजे लाह्यांच्या काउंटरवरचा पन्नाशीचा माणूस. त्याला पडदा दिसायचाच नाही, पण मध्यंतरात बाहेर आलेल्यांच्या चेहऱ्यांवरून तो पिक्चर चालणार की पडणार हे छातीठोक सांगायचा. आणि सफाईवाल्या मावशीला दिसायचा तो फक्त शेवट. दिवे लागायच्या आधी झाडू-बादली घेऊन मागच्या दाराशी उभं राहावं लागे. नोकरीला लागल्यापासून तिने शेकडो शेवट पाहिले होते, म्हणून ती शेवटमावशी. तिघांचे तुकडे जोडून एक पिक्चर व्हायचा. मग त्यावर प्रत्येकाचं मत. मावशीचं मत सगळ्यात ठाम.

“तुझी लेक काय म्हणते?” काकांनी विचारलं.

“ती कुठे काय म्हणते,” मावशी म्हणाली आणि कप विसळायला उठली.

लेक मागच्या वर्षी परत आली होती. मनगट प्लास्टरमध्ये, कानामागचे केस मुळासकट उपटलेले. जावई फर्निचरच्या कारखान्यात सुतार होता. हात कसबी, बोलणं मधाळ, आणि मार कशावरूनही. दिवा चालू राहिला म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून, एकदा तर ती झोपेत हसली म्हणून. मावशीने पोरीला काही विचारलं नाही. प्लास्टर निघाल्यावर मॅनेजरच्या विनवण्या करून तिला थिएटरमध्येच कामाला लावलं. बाहेरचा हॉल आणि काचेची दारं तिच्याकडे आली.

संध्याकाळी घरी दोघी जेवताना मालिका बघायच्या. तिथेही मावशीची टीका चालू असायची. ही सून फार रडते, त्या दिराचं लक्षण ठीक नाही, ह्या घरात कोणी कामाला जातं की नाही? लेक हूं हूं करायची. एकदा मालिकेतल्या नवऱ्याने बायकोच्या थोबाडीत दिली. खाड्कन आवाज झाला आणि कॅमेरा तीन-तीनदा तिच्या तोंडावर गेला.

“आवाज चुकलाय,” लेक म्हणाली.

मावशीचा घास हातातच राहिला. “म्हणजे?”

“असा येत नाही. बाहेर काहीच ऐकू येत नाही. कानाच्या आतच होतो. मग बराच वेळ शिट्टी वाजल्यासारखं होतं.” तिने रिमोट उचलला. “दुसरं लावू का काही?”

“लाव,” मावशी म्हणाली. तिने ताट बाजूला सरकवलं.

जावई आला तो दिवसाढवळ्या, पहिला खेळ सुटताना. दोन नंबरच्या पडद्यावर मारधाडीचा पिक्चर होता आणि गर्दी तोंडाने ठोशांचे आवाज काढत बाहेर पडत होती. लेक काचेचं दार पुसत होती. गर्दीच्या उलट दिशेने तो आत शिरला, तिच्या अगदी जवळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “चल घरी.”

“नाही येणार.”

“लोक बघतायत. तमाशा करू नकोस. चल.”

“नाही म्हटलं ना.”

त्याने तिची वेणी धरली, मनगटाभोवती एक वेढा दिला आणि तिचं तोंड काचेवर आदळलं. काच फुटली नाही. काचेवर लाल ठसा उमटला. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा दात पडला. मग त्याने दुसऱ्या हाताने कमरेचा पट्टा सोडला, एक टोक मुठीत गुंडाळलं आणि बक्कलाच्या बाजूने तिच्या पाठीवर ओढायला सुरुवात केली.

लोक थबकले. गोल झाला. “शूटिंग आहे का काही?” कोणीतरी विचारलं. दोघातिघांनी फोन वर केले. दारवाले काका तेवढे मधे पडले. त्यांना असा कोपर बसला की ते भिंतीपर्यंत गेले आणि चष्म्याचा चुरा झाला.

मावशी नुकती दोन नंबरमधून बाहेर येत होती. हातात लादी पुसायचा पोचा, त्याला लोखंडी दांडा. ती ओरडली नाही. गर्दीतून वाट काढत गेली आणि दांडा उलटा धरून त्याच्या खांद्यावर हाणला.

तो वळला. “आई, तुम्ही यात पडू नका,” तो म्हणाला. त्याही वेळी त्याने तिला अहो-जाहोच केलं.

दुसरा फटका तिने गुडघ्यावर मारला. आत काहीतरी निखळल्याचा आवाज आला आणि तो बसल्यासारखा खाली आला. वेणी सुटली. केसांचा पुंजका त्याच्या मुठीत राहिला. लेक दाराला टेकून बसली होती, तोंडावरच्या हातातून रक्त ठिबकत होतं. “आई, बास,” ती म्हणाली.

तिथे थांबता आलं असतं. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी शीळ घातली. मग टाळ्या पडल्या. आधी चारदोन, मग सगळ्या हॉलभर.

“द्या अजून, मावशी!”

मावशीचा हात वर गेला. दांडा बरगड्यांवर बसला. टाळ्या वाढल्या. पुन्हा बसला. जावयाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं. त्याची पँट ओली झाली, फरशीवर ओघळ आला. “आई गं, आई गं,” तो म्हणत होता. ती हाक मावशीला नव्हती. मावशीला ती ऐकू येत होती, आणि तरी ती मारत होती. दात ओठांत रुतले होते, तेही तिला कळत होतं. कोणीतरी फटके मोजत होतं. अंगात अशी काही रग भरली होती की वर्षभराचं सगळं, पोरीचं प्लास्टर, कानामागची ती बोडकी जागा, हातातून खाली उतरत होतं आणि संपतच नव्हतं.

तिने दांडा डोक्यावर नेला. लेक रांगत आली आणि नवऱ्याच्या डोक्यावर हात पसरून आडवी पडली. उचललेला दांडा थांबला नाही.

तो लेकीच्या मनगटावर बसला, त्याच मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज बारीकसा होता, पण टाळ्यांमधूनही हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू गेला. टाळ्या बंद पडल्या. लोकांनी फोन खाली केले आणि एकमेकांकडे न बघता ते बाहेर पडू लागले.

मक्याने मावशीच्या हातातून दांडा काढून घेतला. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पोलीस आले, जबाब झाले. लोकांनी काढलेल्या चित्रीकरणात वेणी, काच आणि पट्टा स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे मावशीला घरी सोडलं. केस उभी राहील तेव्हा बोलावू म्हणाले. जावयाच्या तीन बरगड्या आणि गुडघा गेला होता. दवाखान्यातून सुटल्यावर तो दुसऱ्या गावी भावाकडे निघून गेला आणि तिथून निरोप आला की, मला ती बाई नको आणि तिची आई तर मुळीच नको. सोडचिठ्ठीला तो तयार होता. म्हणजे जे हवं होतं ते झालं होतं.

थिएटरमध्ये मावशीचं नाव झालं. ते चित्रीकरण गावभर फिरलं. जिन्याखालच्या खोलीत मक्या फोनवरून लोकांची मतं वाचून दाखवू लागला. “ऐका हां. पहिला फटका जरा हलका पडला, दुसरा मात्र एक नंबर. आणखी एक आहे. म्हातारीला पिक्चरमध्ये घ्या. आणि हा म्हणतो, मुलगी मधे आली नसती तर शेवट भारी झाला असता.”

“बंद कर ते,” नव्या चष्म्यातून त्याच्याकडे रोखून बघत काका म्हणाले.

“अहो, कौतुकच आहे.”

“बंद कर म्हणतो ना.”

मावशीने चहा संपवला, बादली उचलली आणि खेळ सुटायला बराच अवकाश असतानाच वर गेली.

दवाखान्यात तिने एकदाच पोरीला विचारलं होतं, “त्याला कशाला वाचवलंस?”

“त्याला नाही,” ओठावरच्या टाक्यांमुळे लेक तोंड न उघडता बोलत होती. “तुला वाचवलं. तू त्याला मारून टाकत होतीस. मग मी कुठे जाणार होते?”

“मी थांबले असते.”

लेकीने तिच्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

महिन्याभराने सुट्टीच्या सकाळी दोघी घरी कपडे धुवायला बसल्या. लेकीचा हात अजून प्लास्टरमध्ये होता, तरी ती एका हाताने कपडे भिजवत होती. गॅलरीत ऊन आलं होतं. शेजारच्या घरातलं बाळ कशावर तरी खदखदून हसत होतं, आणि ते ऐकून लेकही हसली. पडलेल्या दाताची खिडकी दिसली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. मावशीला बरं वाटलं.

“साबणाची पावडर संपली वाटतं,” लेक म्हणाली.

“आहे की, वर आहे.”

मावशी उठली. पावडरचा डबा लेकीच्या डोक्यावरच्या फळीवर होता. तो काढायला तिने हात वर केला.

लेक झटकन खाली वाकली. चांगला हात डोक्यावर, प्लास्टरचा तोंडासमोर, खांदे कानांपर्यंत चढलेले. डोळे घट्ट मिटलेले.

मावशीचा हात तसाच वर राहिला. मग तिने तो हळूहळू, लेकीला दिसेल असा, खाली आणला. दोन पावलं मागे सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“तूच काढ गं,” ती म्हणाली. “माझा हात पोचत नाही.”