तलावातला नारिंगी मासा

तुमची आत्या शाळेत होती तेव्हा आजोबांनी घरी कॉम्प्युटर आणला. आत्तासारखा नव्हे हं! नुसता बटणांचा डबा, वायर टीव्हीला जोडायची. इतका तापायचा की मी त्याच्यावर मोजे वाळवायचे. खोटं वाटतं? आत्याला विचारा, मोजे तिचेच होते.

त्यावर चित्र काढायचं म्हणजे बारीक चौकोन भरत बसायचं. रंग मोजकेच, आणि नारिंगी तर नव्हताच. पण पोरगी हटून बसली, मला सूर्यास्तच हवा. एक चौकोन लाल, शेजारचा पिवळा, परत लाल, अशी सुटली. जवळून बघावं तर टीव्हीला गोवर आलेला! "डोळे फुटतील गं," म्हणत मी तिला दाराशी ओढत नेलं. वळून बघते तर काय, नारिंगी आभाळ! आजोबा टीव्हीच्या मागे जाऊन बघून आले, कुणी दिवा लावलाय का म्हणून. तेव्हापासून ती आमची ठिपकी.

पुढे ठिपकी लाद्यांची चित्रं करायला लागली. म्हणजे, लोकांच्या मोऱ्यांना लाद्या बसवायची आणि चित्रांची वाट बघायची. मग एकदाचं पहिलं मोठं काम आलं. पोहण्याचा तलाव, तळाला भलामोठा नारिंगी मासा. आणि नेमकी कारखान्याने नारिंगी लादीच बंद केलेली!

"जमत नसेल तर सांगा," तलावाचे मालक म्हणाले, "निळा रंग फासून मोकळा होतो."

ठिपकीने नखाएवढ्या लाद्या मागवल्या, लाल आणि पिवळ्या. एक ही, एक ती. मिस्त्री बसवता बसवता म्हणाला, "ताई, माशाला बरं नाही का?"

मी डबा घेऊन गेले त्या दिवशी मालक तळात गुडघ्यांवर बसून ओरडत होते. "हे नारिंगी? मला आंधळा समजता? मिस्त्री, उखड सगळं!"

"उखडू साहेब," ठिपकी म्हणाली. "आधी त्या उडीच्या फळीवर चढा."

"मला उंची सोसत नाही!"

"मग आई मागून ढकलेल."

ढकललं की! इतक्या उंच गेलो की केसात ढग अडकले. मग खाली बघितलं.

लाल कुठे नाही, पिवळा कुठे नाही. नुसता नारिंगी मासा, अंगभर पेटलेला. तलावात पाण्याचा थेंब नव्हता, तरी वाटलं, आता शेपूट मारतोय. ज्या रंगाची एक लादी तिथे नव्हती तो रंग डोळ्यांत मावेना. मी श्वास घ्यायची विसरले. तो एक श्वास अजून घ्यायचा राहिलाय.

"अहो आई," मालक हळूच म्हणाले, "खाली तर हा नव्हता. मग आहे कुठे?"

मला काय ठाऊक!

"मिस्त्री," ते ओरडले, "छिन्नी ठेव! आणि चपला काढ आधी, माशावर उभा आहेस!"

"चला आता खाली," मी म्हटलं.

"थांबा हो जरा," म्हणाले, आणि कठडा सोडून आणखी पुढे वाकले.