मैमुना वाचायची ती पत्रं

१९५८ साल, मार्चची अखेर. मी तेवीस वर्षांची होते. रत्नागिरीतल्या मुलींच्या शाळेत नकाशांच्या खोलीत माझ्यासमोर मैमुना बसली होती, दोन्ही हात पोटावर धरून. त्या आठवड्यात ती तिसऱ्यांदा वर्गातून उठून आली होती.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काय नाय."

"रोजा धरलायस?"

"अम्मा धरते. मला नाय धरू देत. लहान हायस बोलते."

"मग पोट दुखतं कशानं?"

ती भिंतीवरच्या मोठ्या नकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, मोंबासा खंय हाय ह्यात?"

मी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दाखवलं. ती उठली. अंगठा मोंबाशावर ठेवून तिनं वीत ताणली आणि करंगळी आपल्या किनाऱ्याकडे नेली. वीत पुरली नाही. ती परत येऊन बसली आणि रडायला लागली.

नकाशांच्या खोलीत मी कशी आले ते सांगायला हवं. आदल्या हिवाळ्यात पुण्याला शिक्षकांसाठी आठ दिवसांचा एक वर्ग झाला होता. मुलं मारानं सुधारत नाहीत, त्यांच्या मनात काय आहे ते विचारून घ्यावं, त्याची नोंद ठेवावी, मग उपाय करावा, असं तिथं शिकवलं. आमचे हेडमास्तर सोहनी गुरुजी म्हणाले, "कमळाबाई, तुम्हाला घरचा पाश नाही, तुम्ही जा." मी गेले, आणि येताना एक निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले. गुरुजींनी नकाशांची खोली मोकळी करून दिली. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर एकेक मुलगी तिथं यायची. मुली मला मागं 'नकाशाबाई' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. सबंध जिल्ह्यात असं काम करणारी मी एकटी, असं मला वाटायचं.

आणि शाळेत हौसा होती. मुलींना घरोघर जाऊन बोलावून आणायचं आणि संध्याकाळी पोचवायचं हे तिचं काम. मांडवीला राहायची, विधवा, पायात कधी वहाण नाही. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक घालायची, "चला गो बायांनो, घंटा काय तुमच्यासाठी थांबायची नाय." मैलभर वाट चालताना मुली तिला काय काय सांगत. कुणाची आई बाळंत व्हायची आहे, कुणाचा बाप पिऊन येतो. हौसा हुं हुं करत चालायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिच्याजवळ वही नव्हती. तेव्हा मला ते तिचं उणं वाटायचं.

मैमुनाचं रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "कुणाला सांगाल?"

"नाही सांगणार."

"गळ्याशपथ?"

मी गळ्याला चिमटा घेतला. "गळ्याशपथ."

तिनं पाटीच्या खोळीतून हवाई पत्राचा निळा कागद काढला.

मैमुनाचा बाप युसुफ बोटीवर खलाशी होता. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या बोटीवर मालवणकडचा लवू नावाचा एक गडी होता, तो सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा, मराठीत. मैमुनाची आई जन्नत, तिलाही अक्षर येत नव्हतं. पत्र वाचून घ्यायला कुणाकुणाच्या दारात जायचं आणि नवऱ्याचे शब्द परक्याच्या तोंडून ऐकायचे, हे तिला नको होतं. म्हणून मोहल्ल्यातल्या इतर मुली उर्दू शाळेत जात असताना तिनं मैमुनाला आमच्या मराठी शाळेत घातलं होतं. पत्र वाचण्यापुरतं शिकावं म्हणून. मैमुना दुसरीतच पत्रं वाचायला लागली. चौथीत तर माझ्या वर्गात तिच्यासारखं वाचणारी दुसरी नव्हती. धडा वाचायला लागली की मागच्या बाकावरच्या मुलीही गप्प व्हायच्या.

पत्र सहा ओळींचं होतं.

"जन्नतबीस सलाम. मी बोट सोडली. मोंबाशास धक्क्यावर कामास आहे. लवूची बोट इथे लागली म्हणून हे लिहवितो. इकडे निका केला. मुलगा आहे. देशी येणे होणार नाही. तुम्ही अंजनवेलीस भावाकडे जाऊन राहावे. पत्राची वाट पाहू नये."

"हे आईला वाचून दाखवलंस?"

"दुसरं दाखवलं."

"दुसरं म्हणजे?"

"मी बोलले, अब्बा ईदला येतायत. मुंबैवरनं बोटीनं. तुझ्या हातचे सोडे खायचेत असं लिहिलान. मुनीला, म्हंजे मला, परकराचं कापड आणतो लिहिलान." ती नाक पुसत म्हणाली, "आता अम्मानं घर सारवलान. कौलं शाकारून घेतलान. बरणीत सोडे ठेवलान. रोज धक्क्यावर जाऊन विचारते, बोट कुठल्या वारी हाय. ईद तीन आठवड्यांवर आली, बाई."

मग तिनं माझ्याकडे जे मागितलं ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं.

"बाई, तुमी एक पत्र लिहा ना. मोठ्या माणसाचं अक्षर हवं, माझं अम्मा ओळखते. लिहा की बोट अडकली, आता पावसानंतर येतो. तवर मी हळूहळू सांगेन."

दहा वर्षांची पोर हळूहळू सांगणार होती. मी तिला खोटं बोलण्याचे तोटे समजावून सांगितले. वर्गात फळ्यापाशी उभी राहून सांगावेत तसे. पत्र मी माझ्याजवळ ठेवून घेतलं आणि ती गेल्यावर वहीत सगळं लिहून काढलं. शेवटी 'उपाय' असा रकाना होता. त्यात लिहिलं, 'पालकांस सत्यस्थितीची जाणीव करून देणे.'

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुलींबरोबर मांडवीच्या वाटेला लागले. हौसानं माझ्याकडे पाहिलं. मुली पुढं गेल्यावर म्हणाली, "मुनीच्या घरला चाललाव?"

"हो. तुला काही ठाऊक आहे?"

"हाय ठाऊक. पत्र आलं त्याच दिवशी पोर बोलली मला."

"आणि तू काही केलं नाहीस?"

"करतेय की. रोज दारात उभी ऱ्हाते तवा एकेक बोलते. आगबोटीचा काय नेम, जन्नत. परवा बोलले, त्या मुलखात आपली माणसं राहून जातात गो, आमच्या आळीतला खंडू नाय राहिला? काल ती कायच बोलली नाय. दळता दळता थांबली. म्हंजे पोचतंय." ती जरा वेळ चालली. "आठ दिस द्या बाई. ती आपल्या तोंडानं विचारील. मग सांगूया."

"खरं सांगायला आठ दिवस कशाला?"

"बरं, सांगा. पण आत जा. चुलीपाशी बसा नि सांगा. पडवीत नको. पडवीत बाया असतात ह्या वेळेला."

मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही.

पडवीत बाया होत्याच. तिघीचौघी, ईदसाठी तांदूळ निवडत बसलेल्या. जन्नत मधोमध. गोरी, हाडकुळी बाई, ओढणी कानामागं खोचलेली. मला बघून उठली. "बाई आल्या? मुनीनं काय केलान?"

मैमुना दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं माझ्या हातातला निळा कागद पाहिला. नुसतीच पाहत राहिली.

मला वाटलं होतं मी खालच्या आवाजात सांगेन. पण शिक्षिकेचा आवाज खाली येत नाही. मी म्हणाले, "जन्नतबी, तुमच्या मुलीनं तुम्हाला पत्र चुकीचं वाचून दाखवलं आहे. खरं पत्र हे आहे." आणि उभ्या उभ्या वाचलं. सहाच्या सहा ओळी. 'निका केला' इथं एका बाईच्या हातातलं सूप थांबलं. मी 'मुलगा आहे' हेही वाचलं.

जन्नत रडली नाही. कागदाकडे बघत तिनं विचारलं, "लवूनं लिहिलान?"

"हो."

"अक्षर चांगलं काढतो तो." मग म्हणाली, "बसा बाई. चाय घ्या."

मी नको म्हणायला हवं होतं. पण मी बसले. ती आत गेली, चूल पेटवलीन, चहा केलान, आणि कपबशी माझ्या हातात दिलीन. मी तो चहा प्यायले. त्या घरात सगळ्या बायांना रोजा होता, घोटभर पाणीसुद्धा कुणी प्यायलं नव्हतं, हे अर्धा कप झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. तरी उरलेला अर्धा ठेवून उठायचं धैर्य झालं नाही. त्या सगळ्या बघत होत्या.

निघताना मी मैमुनाच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. ती मागं सरली.

दुसऱ्या दिवशी हौसा तिच्याशिवाय आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"ती नाय यायची," हौसा म्हणाली. "जन्नत बोलली, पत्रासाठी घातली होती शाळेत. आता पत्र यायचं नाय."

"पण परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. तू समजावून सांग ना तिला."

"मी काय सांगू? मला वाचता येत नाय."

ती टोमणा मारत नव्हती. ओसरीवर बसून पायातला काटा काढत होती.

मी स्वतः जायला हवं होतं. नाही गेले. उद्या जाऊ, ईद झाल्यावर जाऊ, परीक्षेचे पेपर तपासून जाऊ, असं करत उन्हाळ्याची सुट्टी लागली.

आणि वहीचं काय झालं तेही सांगून टाकते. माझा अहवाल वर गेला. दिवाळीच्या आधी तालुक्याच्या शिक्षकांची सभा झाली, तिथं तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यातला एक भाग मोठ्यानं वाचला. नाव न घेता. 'विद्यार्थिनीची असत्यकथनाची सवय व तिजवरील यशस्वी उपाय.' टाळ्या पडल्या. मला नारळ आणि शाल मिळाली. मी उठून नमस्कार केला. माझ्या शेजारी सोहनी गुरुजी बसले होते. ती मुलगी नंतर शाळेत आली नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. दोघंही बोललो नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात जन्नत शाळेत आली. मधल्या सुट्टीत, फाटकापाशी उभी. हातात पोस्टकार्ड होतं. "भावाचं हाय, अंजनवेलीचं. वाचून दाखवता?"

"मैमुना वाचत नाही?"

"नाय. कागद पुढं केला की उठून जाते."

मी वाचलं. भाऊ तिला राहायला बोलावत होता, सामान कुठल्या दिवशी होडीत चढवायचं ते लिहिलं होतं. मी स्वल्पविरामसुद्धा न गाळता वाचलं.

"तुमी बरोबर वाचता, बाई," ती म्हणाली. कार्ड घेऊन कमरेला खोचलंन. मग जायला वळली आणि थांबली. "त्याचा कागद इतकुसा असायचा. चार नायतर पाच ओळी. आणि मुनी वाचायची भात शिजेस्तोवर. मला काय दिसत नव्हतं?"

तिनं कमरेचं कार्ड जरा आत सारलं.

"निका केलान ते नव्हतं ठाऊक. पण पोरगी आपल्या मनचं वाचते, ते ठाऊक होतं. चुलीपाशी बसून ऐकायला बरं वाटायचं." आणि ती गेली.

लोक म्हणतील, कधीतरी खरं सांगावंच लागलं असतं. मीही स्वतःला खूप वर्षं हेच सांगून पाहिलं. त्यानं पडवी पुसली जात नाही.

सोहनी गुरुजी दोन वर्षांनी सेवानिवृत्त झाले आणि सांगलीला मुलाकडे गेले. हौसा मुलींना हाका घालत राहिली. पुढं बोलावून आणण्याची पद्धतच बंद झाली तेव्हा तिला शाळेत झाडलोट दिली. सुट्टीत मुली तिच्याभोवतीच बसायच्या. नकाशांच्या खोलीत माझ्याकडे हळूहळू कुणी येईनासं झालं, आणि मी निळी वही गुरुजींच्या कपाटात ठेवून दिली ती परत मागितली नाही. हौसा गेली तेव्हा मांडवीच्या घाटावर शाळेतल्या तीन पिढ्यांच्या बाया जमल्या होत्या. तिनं कुणाचं काय पोटात ठेवलं होतं, ते तिच्याबरोबर गेलं.

युसुफ परत आला नाही. लवू एकदा सुट्टीवर आला असताना अंजनवेलीला जन्नतला भेटून आला, असं हौसानंच मला सांगितलं होतं. युसुफनं सांगितलेल्या तीन ओळी आपण लिहिल्याच नव्हत्या, असं लवू जन्नतला म्हणाला म्हणे. कुठल्या, ते तिनं विचारलं नाही. जन्नत भावाच्या घरी पुष्कळ वर्षं जगली.

मैमुनाला परत रत्नागिरीत, राजिवड्याला दिली. नवरा, अली, कुवेतला गेला. हे मला कळलं ते १९७६ साली, पोस्टात. खिडकीशी माझ्यापुढं काळा बुरखा घातलेली एक बाई होती, कुवेतहून आलेलं रजिस्टर पत्र घ्यायला आलेली. कारकुनानं विचारलं, "सही?" तिनं अंगठा पुढं केला. पत्त्यासकट नाव पुकारलं गेलं म्हणून मी वाकून पाहिलं. अंगठा, वीत ताणताना मोंबाशावर ठेवलेला, तोच.

"मैमुना, तुला सही येते की," मी म्हणाले.

तिनं वळून पाहिलं. ओळखलं. चेहऱ्यावर राग नव्हता, मला तो चालला असता.

"विसरले, बाई."

"मी वाचून दाखवू?"

"नको." तिनं पत्र न फोडता छातीशी धरलं. "लेक हाय ना घरी. चौथीत हाय. ती वाचते, आमी ऐकतो."

तिनं अंगठ्याची शाई पोस्टाच्या खांबाला पुसली आणि बाजाराच्या बाजूनं चालू लागली. घरी भात टाकायची वेळ झाली होती.