भुईसुतारीण

“अगं, हलू नकोस.”

“मी कुठे हलतेय? माझा गुडघा हलतोय. त्याला सांगा.”

फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला माळ्याचं दोन खोल्यांचं घर होतं. त्याच्या खिडकीत नवरा-बायको खांद्याला खांदा लावून उभे होते. समोर गोलाच्या खांबापाशी एक हिरवी पाठ गवतात वरखाली होत होती. ही सुतारपक्ष्याची मादी. पण या जातीला झाडापेक्षा जमिनीची ओढ जास्त. झाड हवं ते झोपायला आणि पिल्लं वाढवायला. म्हणून माळी तिला भुईसुतारीण म्हणे. टुणटुण उड्या मारत ती मुंग्यांच्या वारुळापाशी येई, चोचीने भोक पाडी आणि डोळ्यांपर्यंत डोकं आत खुपसून मुंग्या चाटत बसे. जीभ एवढी लांब की चोचीत मावेना. पाण्याची नळी गुंडाळून ठेवतात तशी ती कवटीला मागून वळसा घालून ठेवावी लागे. माळी तर सांगे, तिने एकदा या गोलातून जीभ सोडली आणि मैदानापलीकडच्या गोलातली मुंगी ओढून आणली. पंचाने शिट्टी मारून गोलसुद्धा दिला.

“आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असतील,” बायको म्हणाली.

“वाजवल्या की! तरी उडाली नाही.”

यातलं शेवटचं मात्र खोटं नसावं. रोज सकाळी माळी कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत पाणी सोडायला निघे, तेव्हा बाकीची पाखरं भुर्रकन उडून जात. भुईसुतारीणही आधी उडायची. मग नुसती मान वर करायला लागली. आता तर तीही करत नसे. माळ्याला याचा कोण अभिमान!

पण त्या पाठीकडे आणखी कुणाचं तरी लक्ष होतं. घरातला बोका. लेक दूर नोकरीला गेली, पाठोपाठ गुडघ्याने दगा दिला, तेव्हापासून माळ्याच्या बायकोचा सगळा दिवस या बोक्याशी बोलण्यात जाई. ती त्याला ‘साहेब’ म्हणे, कारण तो ऐकून घेई आणि काम काही करत नसे. हल्ली मात्र साहेब कामाला लागला होता. पोट जमिनीला टेकवून, शेपटीचं टोक तेवढं हलवत बसायचा. काल नळापाशी. आज त्याहून पुढे, मैदानाच्या पांढऱ्या रेषेवर.

“त्याला कोंडून ठेव.”

“न्हाणीच्या झरोक्यातून पळतो. बांधला तर रडतो. आणि मी काय भिंतीशी बोलू दिवसभर?”

“ढोलीत पिल्लं आहेत अगं तिची.”

“मग मी कुठे म्हणते, खाऊ दे म्हणून!”

बायकोने थोडा विचार केला. खण उघडून जुन्या, बिनकामाच्या किल्ल्या काढल्या, फितीत ओवल्या आणि साहेबाच्या गळ्यात बांधल्या. “घ्या. पाऊल टाकलं की वाजेल. ती सावध होईल आणि उडून जाईल.”

साहेबाने मान झटकली. खुळखुळ.

“दिसतोय अगदी माझ्यासारखा,” माळी हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंप अडला. माळी पंपाच्या खोलीत पाना घेऊन वाकला होता. बाहेर किल्ल्या वाजल्या. निघाला वाटतं साहेब. त्याला बरं वाटलं. आता पंख फडफडतील, म्हणून त्याने कान दिला.

फडफड झाली नाही.

खुळखुळ. मग शांत. पुन्हा खुळखुळ. गवतावरून कुणीतरी सावकाश चाललं होतं, अगदी तो स्वतः चालायचा तसं. त्याचा हात आपोआप कमरेकडे गेला. त्याच्या किल्ल्या तिथेच होत्या, गप्प.

पाना टाकून तो धावत सुटला. “उड! उड गं बाई!”

तो पोचला तेव्हा गोलाच्या खांबापाशी हिरवी पिसं पडली होती. वारुळाच्या भोकातून मुंग्या पुन्हा बाहेर यायला लागल्या होत्या.

ढोलीतून नराने डोकं काढलं. त्याच्या गालावर लाल मिशी होती. त्याने हसल्यासारखी हाक दिली, थांबला, पुन्हा दिली. आत पिल्लांचा कालवा चालूच होता.

बायकोने फीत कापली. “माझंच डोकं चाललं नको तिथे.”

“तुझं काय चुकलं? भिऊ नकोस म्हणून तिला मीच शिकवलं.”

आता सगळी पिल्लं एकट्या मिशीवाल्याच्या गळ्यात पडली. सकाळी तो वारुळावर उतरला. माळी किल्ल्या वाजवत गेला. पक्ष्याने मान वर केली नाही. माळ्याने वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि फेकलं. मिशीवाला वरखाली हेलकावे घेत झाडाकडे पळाला.

“अहो, लागेल त्याला!”

“नाही लागत. माझा नेम कुठे आहे?”

तो रोज तसंच करत राहिला. पुढे ढेकळाची गरज उरली नाही, नुसता किल्ल्यांचा आवाज पुरे झाला. मग खिडकीत माळ्याचं तोंड दिसलं तरी पक्षी उडायला लागला. पिल्लांना घास तर मिळायला हवा. म्हणून माळी पाणी दुपारी सोडू लागला आणि सकाळी खिडकीखाली जमिनीवर बसून राहू लागला. बायको खुर्चीत बसायची, खुर्चीच्या पायाला साहेब बांधलेला, रडत. पडद्याच्या फटीतून ती बघायची.

“उतरला?”

“उतरला. खातोय.”

“मान वर करतो का?”

“दर घासाला.”

“कुठे बघतो?”

“आपल्याच दाराकडे.”

“असंच पाहिजे,” माळी म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकून बसून राहिला.