देवाचा कौल आणि माझी चौकट

मित्रांनो, मी एका दशावतारी नाटक मंडळाची जुनी वेबसाइट आहे. वैभववाडीच्या नम्रताने मला घडवले. मंडळाचे मालक सत्यवानकाका यांचा राजवेशातला फोटो आणि खाली फोन नंबर, एवढाच माझा संसार. लोक येत, फोटो बघत आणि निघून जात.

यंदा नम्रताने कोड लिहून देणारे नवे साधन आणले. तिने साध्या मराठीत सांगायचे आणि त्याने भराभर लिहायचे! मला कॅलेंडर मिळाले. गावकऱ्यांनी तारीख निवडली की नाटक ठरले. मी तर हरखूनच गेले! सत्यवानकाकांनी फोन खुशाल कपड्यांच्या पेटाऱ्यात टाकला आणि तालमीत रमले.

पण जत्रा तोंडावर आल्या तरी कातळवाडीचे बोलावणे येईना. काकांच्या वडिलांपासून तिथली जत्रा याच मंडळाची. काकांचे जेवणावरचे लक्ष उडाले. "लोकांका आमचो कंटाळो इलो काय गो?" त्यांनी नम्रताला विचारले. मला खरे कारण ठाऊक होते, पण सांगणार कशी? माझा जीव नुसता तळमळत होता.

शेवटी कातळवाडीच्या जानकीमावशी स्वतःच येऊन थडकल्या.

"सत्यवाना, फोन तू उचलणस नाय आणि तुझी ही वेबसाइट तारीख सांगितल्याशिवाय पुढे जाऊक देणा नाय! देवान कौल देवक नाय, तर तारीख माका तरी खंय ठावक?"

तिथली जत्रा देवाला विचारून ठरते. कौल मिळेपर्यंत तारीख कोणालाच माहीत नसते. नम्रताने कपाळावर हात मारला. "साधनाक बिचाऱ्याक काय ठावक! मीच सांगूक इसारलंय."

तिने तिथेच बसून साधनाला सगळे समजावले. चहा निवायच्या आत माझ्यावर नवी चौकट उमटली: 'कौल मिळाल्यावर तारीख कळवू.' मावशींनी त्यावर बोट टेकवले आणि मी लगेच बोलावणे काकांपर्यंत पोचवले.

"देव सांगात तो दिस तुमचो!" म्हणत काकांनी लुंगीवरच राजाची ऐटदार गिरकी घेतली. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मित्रांनो, आम्हाला नवनवे गुण जरूर द्या, आम्हाला हौस आहेच. पण देऊन विसरू नका. अधूनमधून पाहुण्यासारखे आमच्या दारात या आणि आपलेच माणूस बाहेर ताटकळत नाही ना, ते बघा.