मोजनालय

मी आहे परदेशी, पण सुलतान बाजारच्या फुटपाथवर दोन उन्हाळे काढल्यावर तोरा कुठला उरणार? अमेरिकेत छापलेला, चित्रांचा जाडजूड ग्रंथ मी. युद्धाच्या दिवसांत युरोप सोडून आलेल्या मास्तरांनी अमेरिकेतल्या शाळांत काय शिकवलं, जाहिराती नि बोधचिन्हं सुटसुटीत कशी झाली, ते सगळं माझ्या पोटात आहे. 'नको ते काढून टाका, रिकामी जागाही बोलते,' हे माझं ब्रीद.

मला घरी आणलं नामदेवरावांनी. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. इंग्रजीचा गंध नाही. चित्रं बघत बोटानं हवेत अक्षरं गिरवायचे. एकदा माझ्या चित्रांचं ऐकून त्यांनी पाटीवर भरपूर जागा मोकळी सोडली, तर दुकानदार म्हणाला, "इतना खाली कायकू छोडा? रंग खतम हो गया क्या?" तेव्हापासून मी ट्रंकेत.

बाहेर काढलं ते त्यांच्या नातीनं, निशिगंधानं. तिला डिझाइन शिकायचं होतं. प्रवेशाच्या मुलाखतीला स्वतःचं काम न्यायचं होतं, आणि ती हुकली तर वडिलांनी कॉमर्सचा फॉर्म भरून ठेवलाच होता. पोर कुकटपल्लीत वाढलेली, शाळेत मराठी नव्हतं. मराठी बोलते फाडफाड, वाचते अडखळत. तिनं चतुराबाईंच्या खानावळीची पाटी केली. माझं ब्रीद मानून अक्षरांवरची रेघच उडवली, वळणंही सपाट केली. मी तर बेहद्द खूश!

नामदेवरावांनी चष्मा पुसला. "मोजनालय? जेवायला बोलावते का पोळ्या मोजायला?"

"भोजनालय आहे आबा! मॉडर्न है ये."

"अगं, 'भ'वर रेघ तुटते, 'म'वर सलग जाते. तू रेघच नक्को म्हणली, मग फरक कसा कळंल?"

निशिगंधाचं तोंड एवढंसं झालं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, मला काय ठाऊक!

नामदेवरावांनी माझ्याच कोऱ्या समासात पेन्सिलीनं दोन्ही अक्षरं काढली. वय झालं, रेघ दोनदा ओढावी लागली. ते बघून निशिगंधानं रेघ ठेवून पाटी पुन्हा केली.

मुलाखतीला तिनं दोन्ही पाट्या नेल्या, चुकलेली आधी ठेवली. मुलाखत घेणारे मास्तर हसले. मग तिनं माझा समास उघडून दाखवला, आणि हसू थांबलं. प्रवेश मिळाला.

आता मी तिच्या कॉलेजच्या टेबलावर असतो. दहा हात मला चाळतात. परवा एकीनं खोडरबर काढलं, पान स्वच्छ करायला. बाई गं, तेवढं नको. जन्मभर मी जगाला शिकवत आलो. मला कुणी शिकवलं, ते एवढंच पान आहे.