तांबडी शाल

ओहायोतल्या डब्लिन गावच्या ‘शालिवाहन’ मराठी मंडळाने यंदा महिला दिनाला अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या हेर स्त्रिया हा विषय घेतला आणि सुहासिनीकाकूंनी त्यासाठीच्या नाटिकेत मिस आराबेला रचली. दक्षिणेतल्या जमीनदाराची ही लेक उत्तरेच्या अधिकाऱ्यांना चहा पाजून त्यांचे बेत काढून घेते. आराबेला अर्थातच काकूंची भाची शिवांगी. झालरीचा झगा आधी आला, संहिता नंतर.

सुजाताच्या लेकीला, प्रणिताला, गुलाम धोबीण दिली होती. वाक्य एकही नाही. आराबेला बोलत असताना मागे दोरीवर कपडे वाळत घालायचे.

तालमीला सुजाताने विचारलं, “काकू, ही बाई गुलाम ठेवणाऱ्यांसाठी हेरगिरी करते. चालेल?”

“अगं, देशासाठीच करते ना?”

“देश मोडणाऱ्यांसाठी.”

“शौर्य बघ गं, बाजू काय बघतेस! आणि असले विषय तुमच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात असतातच की.” ‘तुमच्या’ हा शब्द काकूंनी साखरेत घोळवून दिला.

अध्यक्ष मनोहरकाकांनी भर घातली. “प्रणिताला रोल मस्त सूट होतो यार. मेकअपचाही खर्च नाही.” ते स्वतःच हसले. अध्यक्ष हसले म्हणून बाकीचेही हसले.

हे हसणं सुजाताने नागपुरात ऐकलं होतं, पुण्यात ऐकलं होतं. ते विमानात बसून ओहायोपर्यंत आलं याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. फक्त किळस आली.

गाडीत बसताच ती म्हणाली, “मी आत्ताच फोन करून कॅन्सल करते. त्या लोकांच्या हसण्यापुढे तुला उभी करणार नाही.”

“No, Mummy. I want the clothesline.”

“कशाला?”

“मी वाचलंय, काही बायका कपडे वाळत घालून सिग्नल द्यायच्या. And nobody in that room looks at the laundry. ऋषीला सांगितलंय मी.” ऋषी म्हणजे आराबेलाकडून फसणारा उत्तरेचा कॅप्टन.

सुजाताने फोन केला नाही. पण कार्यक्रमाच्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, लेकीला कधीही उठवून न्यायच्या तयारीने.

शिवांगीचं भाषण लांबलचक होतं. दक्षिणेची तुकडी पहाटे पूल ओलांडणार, हे ती पंखा हलवत प्रेक्षकांना सांगत राहिली. मागे प्रणिता पांढऱ्या चादरी टाकत होती. मग तिने मधोमध तांबडी शाल टाकली. त्याबरोबर ऋषी आत आला आणि त्याने वाक्याच्या मध्येच आराबेलाला अटक केली.

“अरे, माझं संपलं नाहीये!” शिवांगी म्हणाली. सभागृह हसलं.

“पुलाचं तुला कसं कळलं?” ऋषीने धोबिणीला विचारलं.

प्रणिताचं मराठी अडखळत आलं. “बाईसाहेब रोज आमच्यासमोरच बोलतात. आम्हाला कान आहेत, हे त्यांना माहीत नाही.”

हसणं थांबलं. पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्या, नगर परिषदेतल्या एक कृष्णवर्णीय बाई, शेजाऱ्याकडून अर्थ समजून घेऊन उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. पाहुण्या उभ्या राहिल्या म्हटल्यावर मनोहरकाका उठले. मग सगळे उठले.

सुहासिनीकाकूंनी लगेच माइक धरला. “हा शेवट आम्ही मुद्दाम सरप्राइज ठेवला होता!” आणि खाली उतरल्यावर सुजाताचा दंड दाबून म्हणाल्या, “बघ, अध्यक्ष म्हणाले नव्हते, रोल सूट होईल?”

सुजाताने दंड सोडवून घेतला. रंगमंचावर प्रणिता चादरी उतरवत होती.

“राहू दे, प्रणिता,” सुजाता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “ज्यांच्या आहेत, ते घालतील घड्या.”